मिटेलफ्रू टाकूनही बिअरला वास का येत नाही

तक्रार बहुतेकांची सारखीच असते. रेसिपी जर्मन पिल्सनरची, म्हणजे फिकट, कडसर बिअरची. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) चांगला, यीस्ट नावाजलेलं, हॉप्स (बिअरला कडूपणा नि सुवास देणारी वेलीची फुलं) खास मागवलेले, हालरटाउ मिटेलफ्रू या जर्मन वाणाचे. बिअर नितळ उतरते, कडूही होते, पण ग्लास नाकाशी नेला की काही नाही. मग पुढच्या खेपेला हॉप्स दुप्पट पडतात आणि सुवासाऐवजी ओल्या गवताचा वास नि जिभेवर तुरट थर मिळतो. त्याच्या पुढच्या खेपेला नवं पाकीट येतं आणि कडूपणाच एकदम खाली जातो. परदेशात राहून घरी बिअर करणाऱ्या मराठी मंडळींच्या गप्पांत हे इतक्या वेळा निघतं की एकदा सविस्तर लिहून टाकतो.

माझं मत आधीच सांगतो. बहुतेक वेळा हॉप निर्दोष असतो. मिटेलफ्रूचा सुवास मुळातच सौम्य, आणि तो बिअरमधल्याच दुसऱ्या कुठल्यातरी वासाखाली दबलेला असतो. घरात बोंबील तळायला घेतलेत आणि आपण मोगऱ्याचा गजरा वासावरून शोधतोय, अशी गत. म्हणून ‘अजून हॉप्स टाका’ हा सल्ला इथे जवळजवळ कधीच लागू पडत नाही.

आता नेमकं काय शोधायचं ते ठरवू. म्युनिकहून उत्तरेला इंगोलश्टाटकडे निघालं की हालरटाउ लागतो. सलग हॉप-लागवडीचा जगातला सर्वांत मोठा पट्टा हाच. सात मीटर उंच खांब, त्यावर तारा आणि तारांवर चढलेले वेल. मिटेलफ्रू हा इथला जुना स्थानिक वाण. प्रयोगशाळेत जन्मलेला नव्हे, शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या निवडत आणलेला. त्याच्या १०० ग्रॅम हॉप्समध्ये सुगंधी तेल साधारण ०.७ ते १.३ मिली. सिट्रासारख्या अमेरिकन वाणात तेच दोन मिलीच्या वर जातं. शिवाय त्या तेलात जवळपास निम्मा वाटा ह्युम्युलिन या घटकाचा, आणि ह्युम्युलिन पाण्यात फारसं विरघळत नाही, उकळताना वाफेबरोबर निघून जातं. बिअरमध्ये जो गंध उरतो तो लिनालूल या दुसऱ्या सुगंधी घटकाच्या थोड्याशा अंशाचा आणि ह्युम्युलिनच्या ऑक्सिडेशनमधून तयार झालेल्या पदार्थांचा. तो येतो फुलांसारखा, वाळलेल्या वनस्पतींसारखा, किंचित मसालेदार. संत्रं, आंबा, पॅशनफ्रूट यांतलं काही त्यात नसतं. आयपीएवर (भरपूर हॉप्सच्या, उग्र वासाच्या बिअरवर) वाढलेल्या नाकाला तो पहिल्या घोटात सापडत नाही, यात बिअरचा दोष नाही.

फुकटातली एक तपासणी म्हणजे तापमान. फ्रिजमधून तीन-चार अंशांवर काढलेल्या बिअरला कसलाच वास येत नाही. ग्लास सात-आठ अंशांपर्यंत येऊ द्या. ग्लासला भांड्याच्या साबणाचा किंवा तेलकट फडक्याचा अंश राहिला असेल तर फेसही बसतो आणि गंधही मरतो. हे केल्यावर काही जणांची तक्रार तिथेच मिटते.

तरीही वास नसेल तर हॉप्सचा चहा करा. हीच या सगळ्यातली कळीची चाचणी आहे. त्याच पाकिटातले दोन-तीन ग्रॅम पेलेट्स (हॉप्सच्या दाबून केलेल्या गोळ्या) घ्या, साधारण ८० अंशांच्या पाण्यात झाकून दहा मिनिटं ठेवा, गाळा, कोमट झाल्यावर वास घ्या. हा चहा पिण्याजोगा नसतो, हुंगण्यापुरता करायचा. दोनच शक्यता आहेत. चहाला छान फुलांचा-वनस्पतींचा वास आला तर पाकीट ठीक आहे आणि गडबड तुमच्या उकळीच्या भांड्यात किंवा फर्मेंटरमध्ये (बिअर आंबवायच्या भांड्यात) आहे. चहाच मुका निघाला किंवा त्याला जुनं चीज, घामट मोजे असा वास आला, तर पुढचं सगळं सोडा आणि पाकिटाकडे वळा.

पाकिटाचा दोष असेल तर

पहिली गंमत नावातच होते. पाकिटावर नुसतं ‘हालरटाउ’ लिहिलेलं असतं आणि आपण ते मिटेलफ्रू समजतो. पण हालरटाउ हा प्रदेश आहे. तिथे पिकलेला मॅग्नमही ‘हालरटाउ मॅग्नम’ म्हणून विकला जातो, आणि त्याचं अल्फा ॲसिड, म्हणजे कडूपणा देणारं द्रव्य, ११ ते १६ टक्के, म्हणजे मिटेलफ्रूच्या तिप्पट-चौपट. ‘हालरटाउ ब्लांक’ हा तर नवा वाण, त्याला पांढऱ्या वाइनचा नि द्राक्षांचा वास. तो पिल्सनरमध्ये टाकलात तर बिअर वाईट होणार नाही, वेगळीच होईल. अमेरिकेत पिकलेला ‘हालरटाउ’ आणि जर्मन मिटेलफ्रू यांच्यातही फरक जाणवतो. तिकडचे माउंट हूड, लिबर्टी, क्रिस्टल हे मिटेलफ्रूचेच वंशज, चांगले हॉप्स आहेत, पण मूळ नव्हेत. न्यूझीलंडचा वाकाटू पूर्वी ‘हालरटाउ अरोमा’ या नावाने मिळायचा, तो आणखी निराळा. तेव्हा पाकिटावर प्रदेश, वाण आणि पिकाचं वर्ष, तिन्ही हवेत. जर्मन हॉप्सना मुळात या तिन्ही गोष्टींचं प्रमाणपत्र असतं. किरकोळ दुकानदार छोट्या पुड्या बांधताना त्यातलं एखादं गाळतो.

पिकाच्या वर्षाला लोक फार कमी किंमत देतात, आणि कडूपणा दर खेपेला बदलण्यामागे बहुधा तेच असतं. मिटेलफ्रूचं अल्फा ॲसिड पुस्तकात ३ ते ५.५ टक्के दिलेलं असतं. ही रुंदी उगाच नाही. हा वाण उन्हाला आणि कोरड्या हवेला फार हळवा. २०१५ आणि २०२२ सारख्या तापलेल्या, कोरड्या उन्हाळ्यात अल्फा तळाशी, तीनच्या आसपास घसरतं. चांगल्या पावसाच्या वर्षी पाचच्या वरही जातं. आता हिशोब करून पाहा. २० लिटर वर्ट (आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी), सुरुवातीची घनता १.०४८, ६० मिनिटांची उकळ, आणि कडूपणा मोजायचं टिन्सेथचं सूत्र. अल्फा चार टक्के धरून ६४ ग्रॅम टाकले तर ३० आयबीयू (कडूपणाचं माप) मिळतात. तेच ६४ ग्रॅम तीन टक्क्यांचे असतील तर साडेबावीस, आणि पाच टक्क्यांचे असतील तर साडेसदतीस. म्हणजे एकाच रेसिपीतून एकदा हेलेस या मवाळ, फिकट बव्हेरियन बिअरच्या जवळ जाणारी आणि एकदा उत्तर जर्मनीतल्या करकरीत पिल्सनरसारखी बिअर. रेसिपीत ग्रॅम लिहून ठेवण्यात अर्थ नाही. आयबीयू लिहा आणि दर पाकिटाचं अल्फा बघून ग्रॅम काढा.

तिसरा मुद्दा साठवणीचा. मिटेलफ्रू टिकाऊ हॉप नाही. २० अंशांवर सहा महिने पडला की त्याचं अल्फा जवळजवळ निम्म्यावर येतं. पाकिटावर चार लिहिलेलं, आत दोन. आणि हे २० अंश युरोपातल्या घराचे झाले. मे महिन्यात मुंबईच्या गोदामात अडकलेल्या पार्सलचं काय होत असेल ते सांगायला नको. उघडलेलं पाकीट फ्रिजच्या दारात ठेवणं ही आणखी एक सवय. फ्रीझरमध्ये, हवा काढून, जाड ॲल्युमिनियमच्या पिशवीत ठेवा. झिपची साधी प्लास्टिक पिशवी प्राणवायू आत येऊ देते. चांगल्या पाकिटातले पेलेट्स हिरवे दिसतात, चुरगळले की तळहाताला चिकट लागतात. पिवळट-तपकिरी आणि भुसभुशीत झाले असतील तर दुरुस्ती नाही.

चीजचा वास आयसोव्हॅलेरिक ॲसिडमुळे येतो, हॉप्समधली ॲसिड्स जुनी होऊन तुटतात तेव्हा. बेल्जियमचे लॅम्बिकवाले (एक आंबट बिअर करणारे) मुद्दाम वर्षानुवर्षं जुने केलेले हॉप्स वापरतात, कारण त्यांना कडूपणा नको आणि जंतूंपासून राखण हवी. पण ती बिअरच वेगळी. ह्युम्युलिनचं थोडं ऑक्सिडेशन सुवासाला पोषक असतं हे खरं, म्हणून जुनं पाकीट आपोआप मुरलेलं होतं असा अर्थ काढू नका. मुरणं आणि कुजणं यांतली सीमा मिटेलफ्रूमध्ये फार लवकर ओलांडली जाते.

पाकीट ठीक, पण बिअर मुकी

इथे मी आधी हॉप्सकडे बघतच नाही, माल्ट आणि यीस्टकडे बघतो.

पिल्सनर माल्ट हलकाच भाजलेला असतो, त्यामुळे त्यात एसएमएम नावाचा पदार्थ शिल्लक राहतो. उकळताना त्याचं डीएमएस होतं. वास उकडलेल्या मक्याच्या कणसाचा, जास्त झाला तर कोबीचा. हा वास अगदी थोडा असला तर ‘मका’ म्हणून ओळखू येत नाही, फक्त हॉप्सचा गंध पुसतो. मुक्या पिल्सनरचं हे सर्वांत जास्त आढळणारं कारण असावं, असं मला वाटतं. उपाय साधा. झाकण न ठेवता, जोमाने, ७५ ते ९० मिनिटं उकळा. गॅस वाचवायला अर्धवट झाकण ठेवणारे बरेच आहेत, आणि झाकणावरून टपकणारं पाणी ते डीएमएस परत भांड्यात सोडतं. उकळ संपली की वर्ट लवकर थंड करा, कारण गरम राहिलेल्या वर्टमध्ये डीएमएस बनतच राहतं, फक्त आता त्याला बाहेर जायला वाफ नसते.

यीस्टचे दोन वास तपासा. एक डायअसेटिल, लोण्यासारखा. शंका असेल तर थोडी बिअर बंद बरणीत घालून ६०-६५ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, थंड करा आणि शेजारी तशीच न तापवलेली बिअर ठेवून दोन्ही हुंगा. तापवलेल्यात लोणी आलं तर यीस्टचं काम अजून बाकी आहे. आंबवण संपत आली की तापमान १५-१६ अंशांवर नेऊन दोन-तीन दिवस ठेवायचं, मग थंड करायचं. दुसरा गंधकाचा वास, उकडलेल्या अंड्यासारखा. थंडीत आंबवणाऱ्या लागर यीस्टच्या बाबतीत तो नेहमीचाच आहे आणि शून्याच्या आसपास चार ते सहा आठवडे ठेवलं की जातो. पण इथे माणसं थांबत नाहीत. दोन आठवड्यांत बाटली फोडतात, गंधकाआड हॉप दिसत नाही, आणि पुढच्या खेपेला हॉप्स वाढवतात. मिटेलफ्रूच्या बिअरला थंडीत ठेवण्याचा वेळ द्यावाच लागतो.

मग येतो प्राणवायू. आंबवण झाल्यावर बिअर एका भांड्यातून दुसऱ्यात ओतताना खळखळाट झाला, बाटलीत मोकळी जागा राहिली, की काही आठवड्यांत ओल्या पुठ्ठ्याचा नाहीतर मधाचा वास येतो आणि हॉप्सचा आधी जातो. गडद एल (उबेत आंबवलेली बिअर) असेल तर थोडं खपून जातं, हेलेसमध्ये नाही.

जाता जाता एक भलताच गैरसमज. हिरव्या बाटलीतल्या युरोपीय लागरचा तो विशिष्ट उग्र वास हाच जर्मन हॉप्सचा ‘खरा’ वास, असं समजून काही जण घरच्या बिअरमध्ये तो शोधत बसतात. तो वास उजेडाचा. कडूपणा देणारे हॉप्समधले पदार्थ प्रकाशाने फुटतात आणि अमेरिकेतल्या स्कंक या प्राण्याची आठवण देणारा गंधकयुक्त पदार्थ तयार होतो. तपकिरी बाटली त्याला बऱ्यापैकी अडवते, हिरवी नाही, पारदर्शक तर मुळीच नाही. तो वास तुमच्या बिअरमध्ये नसेल तर आनंद माना.

उकळीचं वेळापत्रक

वरचं सगळं ठीक असेल तरच भांड्यातल्या हॉप्सकडे वळा. दोन टोकं दिसतात. काही जण सगळा मिटेलफ्रू ६० मिनिटांना, म्हणजे उकळ संपायला तासभर असताना टाकतात. त्यातून मऊ, गुळगुळीत कडूपणा मिळतो, याच्या अल्फा ॲसिडमध्ये कोह्युम्युलोन या घटकाचा वाटा कमी असल्यामुळे असं मानतात, पण सुवास बराचसा वाफेबरोबर जातो. दुसरे सगळा शेवटी टाकतात, तेही आयपीएच्या मापाने, आणि गवत पदरी घेतात. अल्फा कमी असल्यामुळे मिटेलफ्रूने कडूपणा आणायचा तर पालापाचोळा खूप जातो. तो जास्त झाला की पॉलिफिनॉल्स ही तुरट द्रव्यं वाढतात, तुरटपणा येतो आणि वर्टही हॉप्समध्ये शोषलं जाऊन वाया जातं.

२० लिटर पिल्सनरसाठी मी सांगेन ते असं: चार टक्के अल्फाचे ४५ ग्रॅम ६० मिनिटं, ३० ग्रॅम शेवटची १५ मिनिटं, आणि आणखी ३० ग्रॅम आच बंद करून वर्ट ८० अंशांवर उतरवल्यानंतर. पहिल्या दोन हप्त्यांतून २८ आयबीयू येतात, शेवटच्यातून किरकोळ भर पडते. ८० पर्यंत झटकन उतरवणं महत्त्वाचं: त्याखाली कडूपणा फार वाढत नाही, डीएमएस बनण्याचा वेग मंदावतो आणि तेल फारसं उडत नाही. तिथे पंधरा मिनिटं थांबा, मग पुढे थंड करा.

पहिले ४५ ग्रॅम जड वाटत असतील तर त्याऐवजी १३ टक्क्यांचा मॅग्नम फक्त १४ ग्रॅम टाका, आयबीयू तेवढेच. शुद्धतावादी नाक मुरडतील. पण कडूपणाला जास्त अल्फाचा हॉप आणि सुवासाला अरोमा हॉप ही वाटणी जर्मनीतल्या ब्रुअरीजमध्ये सर्रास चालते. १५१६ च्या बव्हेरियन शुद्धता-नियमाने हॉप्स सांगितले, वाण सांगितला नव्हता. एकच वाण वापरण्याचा हट्ट असेल तर पहिला हप्ता उकळ सुरू होण्याआधीच, मॅशमधून (गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टमधून) वर्ट भांड्यात येत असताना टाकून बघा. कडूपणा गोलसर होतो आणि काहींना त्यात गंधही जास्त टिकतो असं वाटतं.

ड्राय हॉपिंग, म्हणजे आंबवलेल्या थंड बिअरमध्येच हॉप्स टाकणं? पारंपरिक जर्मन लागरमध्ये त्याला फारसं स्थान नाही आणि मिटेलफ्रूच्या बाबतीत मला ते खटकतंच. करायचंच तर लिटरला एक-दीड ग्रॅम, दोन ते तीन दिवस, आणि मग बाहेर. आठवडाभर बुडवून ठेवलेला मिटेलफ्रू हमखास गवत देतो.

पाण्याबद्दल थोडक्यात. कडूपणा घशाला खरवडत असेल तर हॉप्सवर राग काढण्याआधी बायकार्बोनेट बघा. म्युनिकचं पाणी मुळात चुन्याचं, म्हणूनच तिथे आधी गडद बिअर रुजली. फिकट बिअरसाठी ते पाणी उकळून चुना खाली बसवावा लागतो किंवा ॲसिडने तोडावा लागतो. मॅशचा पीएच ५.२ ते ५.४ मध्ये आणा. कुठल्या तरी आयपीएच्या रेसिपीवरून उचललेला जिप्समचा (कॅल्शियम सल्फेटचा) चमचा इथे नको, सल्फेट वाढला की सौम्य कडूपणाला धार येते आणि मागचा नाजूक गंध जिभेवर पोचायच्या आधीच हरवतो.

वाणच बदलावा का

हा प्रश्न शेतकऱ्यांनाही पडला होता. व्हर्टिसिलियम या जमिनीतल्या बुरशीने होणाऱ्या मर रोगापुढे मिटेलफ्रू टिकत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर हालरटाउतली त्याची शेतंच्या शेतं गेली आणि त्यांच्या जागी हेर्सब्रुकर, नॉर्दर्न ब्रुअर यांच्यासारखे वाण आले. ह्युल इथे १९२६ पासून चाललेल्या हॉप-संशोधन केंद्राने मग रोगाला तोंड देणारे वाण काढले. १९७८ चा पेर्ले त्यांतलाच, आणि पुढे आलेला हालरटाउ ट्रॅडिशन तर मिटेलफ्रूची जागा घेण्याच्याच इराद्याने. बोस्टनचं सॅम्युअल ॲडम्स लागर अजूनही मिटेलफ्रू आणि टेटनांग या दुसऱ्या जर्मन हॉपवर उभं आहे, पण बऱ्याच ब्रुअरीजनी शांतपणे ट्रॅडिशन स्वीकारला. घरी करणाऱ्याला ताजा, नीट साठवलेला मिटेलफ्रू मिळत नसेल तर दोन वर्षांपूर्वीच्या पाकिटाशी झुंजण्यापेक्षा यंदाच्या पिकाचा ट्रॅडिशन घ्यावा. अल्फा थोडं जास्त, टिकतो बरा, आणि आंधळ्या चाचणीत भलेभले गोंधळतात. टेटनांग किंवा स्पाल्ट घेतलात तर मात्र फरक कळेल. ते साझ या झेक हॉपच्या गोतावळ्यातले, त्यांच्या तेलात फार्नेसीन हा घटक असतो, मिटेलफ्रूमध्ये तो जवळजवळ नसतोच.

राहिला प्रश्न आत्ता फर्मेंटरमध्ये किंवा केगमध्ये (दाबाच्या धातूच्या पिंपात) असलेल्या मुक्या बिअरचा. ती स्वच्छ असेल, मका-लोणी-पुठ्ठा काही नसेल, तर केगमध्ये कार्बन डायऑक्साइड भरून, थंडीतच, लिटरला एक ग्रॅम पेलेट्स जाळीच्या पिशवीत घालून दोन दिवस ठेवा आणि काढा. बाटल्या भरून झाल्या असतील तर हा मार्ग बंद. गवताळ, तुरट झालेली बिअर शून्याजवळ चार-पाच आठवडे ठेवली की पॉलिफिनॉल्सचा बराच भाग तळाशी बसतो, वरची सावकाश काढून घ्या. डायअसेटिल असेल आणि यीस्ट जिवंत असेल तर पुन्हा १५-१६ अंशांवर आणा. डीएमएस, पुठ्ठा आणि चीज या तिघांवर बाटलीत उपाय नाही. त्यातली डीएमएसवाली बिअर मित्रांना मक्याच्या भज्यांबरोबर द्या, कुणी काही बोलत नाही.